बोरीच्या फांदीची चोवीस अक्षरं

कुवेतला जाऊन आले असं सांगितलं की लोक आधी सोन्याचा भाव विचारतात आणि मग उकाडा. सोनं मी काचेबाहेरून पाहिलं. उकाडा नव्हताच, कारण आम्ही गेलो ते दिवाळीची सुट्टी जोडून, १९९९ साली, आणि संध्याकाळी माझ्या भावजयीची, माधवीची, शाल अंगावर घ्यावी लागत होती. मी सांगणार आहे ती गोष्ट लाकडाची आहे, आणि माझ्या वडिलांची.

आमचं घराणं गुरवाचं. गावच्या रवळनाथाला कौल लावायचं काम पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घरात. ज्यांनी कौल पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. देवाच्या पाषाणावर ठरलेल्या जागी ओल्या कळ्या चिकटवतात, गुरव देवासमोर प्रश्न मांडतो आणि वाट बघतो. उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मुलीचं लग्न, विहिरीची जागा, भावाभावांतला तंटा, सगळं माझ्या वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, तोंडून देवापर्यंत गेलेलं आहे. आता आबांचे हात कापायला लागले होते. कळी चिकटवताना बोट हललं तर लोक कुजबुजतात. गावच्या मानकऱ्यांनी सांगितलं होतं, जत्रेच्या आत सांगा, तुमच्यानंतर कोण बसणार.

मी शाळेत मराठी शिकवते, आणि आमच्याकडे बायकांना गाभाऱ्यात बसवत नाहीत. राहिला माझा धाकटा भाऊ दिगंबर. तो कुवेतमध्ये शुऐबा बंदराजवळच्या तेलाच्या कारखान्यात नोकरीला. त्याला परत घेऊन येण्यासाठीच आबा कुवेतला निघाले होते. दिगूला त्यांनी हे कळवलं नव्हतं. मला सांगितलं होतं, आणि गप्प राहायलाही सांगितलं होतं.

विमानतळ

आबांचं पहिलं विमान. धोतर, कोट, काळी टोपी. प्रवासाचं काही सांगत नाही, त्यांनी तो डोळे मिटून जप करत काढला. पण विमानतळावर उतरल्यावर आमची पिशवी उघडली गेली. आमसुलं निघाली, सुके बोंबील निघाले, आणि मग एक कागदाची पुडी निघाली. तपासणाऱ्या तरुण अधिकाऱ्याने ती उलगडली. आत करडी पूड.

तो आमच्याकडे बघायला लागला. दुसरा एक अधिकारी आला. मी इंग्रजीत "अॅश, टेंपल अॅश" म्हणत राहिले, आणि म्हणता म्हणता माझ्या लक्षात आलं की देवळाचं नाव काढून मी काही सोपं करत नाहीये. आबांना प्रकार कळला. त्यांनी शांतपणे पुडीतली चिमूट उचलली, अर्धी स्वतःच्या कपाळाला लावली, अर्धी जिभेवर टाकली आणि त्या पोराकडे बघून हसले. मग पुडी त्याच्यापुढे धरली, तुलाही हवी तर घे. तो पोरगा मागे सरकला आणि त्यालाच हसू आलं. त्याने पुडीचा वास घेतला, पुन्हा बांधली आणि पिशवीत ठेवली. बोंबलांकडे मात्र नाक मुरडून बघितलं.

रिग्गई

दिगू रिग्गई नावाच्या उपनगरात राहतो. सगळ्या इमारती एकाच वाळूच्या रंगाच्या, खाली बकाला. बकाला म्हणजे आपलं कोपऱ्यावरचं वाण्याचं दुकान. फरक एवढाच की वाणी गल्ल्यावरून उठत नाही, गिऱ्हाईकही गाडीतून उतरत नाही. भोंगा वाजवायचा, पोऱ्या धावत येतो. आबांना हे बिलकूल आवडलं नाही. "पाय मोडले काय तेंचे?" म्हणाले. आणि ते रोज सकाळी चालत जाऊन खुबूस आणायला लागले. खुबूस म्हणजे तिकडची मऊ, गरम भाकरी. दुकानदार केरळचा. दोघांची गट्टी कोणत्या भाषेत जमली देव जाणे.

माझी भावजय माधवी तिथल्या भारतीय शाळेत शिकवते. नऊ वर्षांच्या ईशाला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं. आबांनी तिला विचारलं, "गावाक येतलंस काय गे, माझ्यावांगडा ऱ्हवाक?" ती म्हणाली, "फॉर हाऊ लाँग?" आबा माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, किती दिवस, असं विचारतेय.

दुसऱ्या दिवशी दिगू आणि मी भाजी आणायला गेलो होतो. गाडी लावता लावता तो म्हणाला, "ताई, आबा मला न्यायला आलेत ना?"

मी पिशवी उचलून खाली उतरले. तेच उत्तर झालं.

"त्यांनी विचारलं तर मी नाही म्हणू शकणार नाही," तो म्हणाला. "माधवीला माहीत आहे. ती दोन रात्री झोपलेली नाही. ईशाला अजून सांगितलेलं नाही." मग दुकानात भाजीची जुडी हातात घेऊन उगाच तिची पानं मोजल्यासारखी करत म्हणाला, "आणि ताई, मला तिथे बसता येईल असं वाटत नाही. आबा बसतात तसं. मला देवासमोर काही ऐकूच येत नाही."

जलीब

शुक्रवारी सुट्टी. दिगूचा मित्र हनीफ रत्नागिरीकडचा. कारखान्यात परांच्या बांधणाऱ्या टोळीचा मुकादम आहे. त्याने आम्हाला जेवायला बोलावलं. जलीब या कामगारांच्या वस्तीत एका खोलीत सहाजण, सगळे कोकणातले, निम्मे आमच्याकडचे, निम्मे त्याच्याकडचे. खाटांवर खाटा, खिडकीत वाळत घातलेले निळे डगले. जिन्यात कांदा परतल्याचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत आमच्या सोबत आला. हनीफने झुबैदी केली होती. झुबैदी म्हणजे आपलं पापलेटच. आबांनी आणलेली आमसुलं त्याने आदल्या दिवशीच मागून नेली होती. इतकी चांगली कढी मी आमच्या घरीही प्यायलेली नाही, आणि हे माधवीसमोर बोलले म्हणून तिने मला चिमटा काढला.

आबांनी सहज विचारलं, "आमचो दिगू थंय करता तरी काय? माका तेणा कधी धड सांगूक नाय."

दिगू म्हणाला, "यंत्रं बघतो, आबा." नेहमीचं उत्तर.

हनीफने हातातला घास खाली ठेवला. "काका, मी सांगतो. टाकी साफ करायची असते, दुरुस्त करायची असते, तेव्हा आम्हाला आत उतरायला लागतं. घराएवढ्या टाक्या. आत वायू असतो, कधी असतो कधी नसतो, दिसत नाही, काही वेळा वासपण येत नाही. आम्ही तोंडाशी उभे असतो. दिगूभाऊ यंत्र आत सोडतो, बघतो, खाली सोडतो, परत बघतो. तो हो म्हणेपर्यंत आमच्यातला कुणी आत बूट टाकत नाही."

"आणि नाय म्हणालो तर?"

"नाही म्हणजे नाही. मग मोठा साहेबपण आत जात नाही."

खोलीतले बाकीचे माना हलवत होते. एक पोरगा म्हणाला, "त्या दिवसाचं सांग, हनीफभाई."

दिगू म्हणाला, "जेवा आता." पण हनीफ थांबला नाही.

"सकाळी सगळं ठीक निघालं होतं, काका. आम्ही काम करून वर आलो, जेवलो. परत उतरायचं म्हणून मी पहिला शिडीवर. हा मागून आला, म्हणाला, थांब, पुन्हा बघतो. मी चिडलो. सकाळी बघितलंस ना, म्हटलं. तरी याने यंत्र सोडलं. आत वायू भरला होता. कुठून आला, नंतर कळलं. पण मी एक पाय आत टाकलेला." हनीफने दिगूच्या खांद्यावर हात ठेवला. "माझ्या धाकट्याचं नाव काय आहे, विचारा याला."

दिगू खाली बघत होता. माधवीनेच सांगितलं, "दिगंबर नाही ठेवता आलं, म्हणून घरात त्याला दिगू म्हणून हाक मारतात."

सगळे हसले. आबा हसले नाहीत. त्यांनी पानातला भात संपवला, मग हनीफला म्हणाले, "अजून थोडो वाढ." मला माझ्या भावाचा फार अभिमान वाटला. चौदा वर्षं तो आम्हाला "यंत्रं बघतो" एवढंच सांगत होता.

फिन्तास

आता त्या लाकडाकडे येते. कारखान्याच्या दवाखान्यात सोल्वेग नावाची नॉर्वेची नर्स होती. साठीच्या आसपासची, उंच, हाडापेराने मजबूत, उन्हाने लाल झालेली. ती निवृत्त होऊन मायदेशी परत जायची होती. दिगूने तिला आबांबद्दल सांगितलं होतं, आणि आबांना तिच्याबद्दल. "आबा, ती पण एक प्रकारचा कौल लावते. लाकडावरच्या अक्षरांनी."

"बाई?" आबा म्हणाले.

"हो, बाईच."

आबांनी टोपी घातली. "चला."

सोल्वेग फिन्तासला समुद्राजवळ एका घराच्या मागच्या भागात राहायची. घर एका म्हाताऱ्या कुवेती गृहस्थांचं. अंगणात एक मोठं बोरीचं झाड होतं. वाळवंटात बोर! आबा थेट झाडाकडेच गेले आणि पान हातात घेऊन चोळून बघितलं. आपल्या बोरीपेक्षा पान मोठं, पण काटे तेच.

सोल्वेगने जे सांगितलं ते दिगू मालवणीत सांगत गेला. उत्तरेकडच्या लोकांची ही फार जुनी अक्षरं, चोवीस. त्यांना रून म्हणतात. लाकडावर, दगडावर, हाडावर कोरायचे. प्रत्येक अक्षराला नाव आणि प्रत्येक नावाला अर्थ. बघायची रीत अशी की फळ धरणाऱ्या झाडाची फांदी घ्यायची, तिच्या पट्ट्या करायच्या, एकेकीवर एकेक अक्षर कोरायचं, पांढऱ्या कापडावर टाकायच्या आणि न बघता तीन उचलायच्या. तिच्याकडे सफरचंदाच्या लाकडाचा एक संच होता, पण तो ती एका मैत्रिणीला देऊन टाकणार होती. जाताना तिला या देशाच्या लाकडाचा संच करून न्यायचा होता.

"आणि एक सांगते," ती म्हणाली. "अक्षरं खरोखर जुनी आहेत. त्यांच्यावरच्या ओव्याही जुन्या आहेत. पण बघायची नेमकी रीत आमच्या लोकांनी लिहून ठेवली नाही. फांदी, पांढरं कापड, तीन तुकडे, हे एका परक्या रोमन माणसाने लिहिलंय म्हणून कळतं. बाकीचं आमच्या आणि आधीच्या एकदोन पिढ्यांनी जोडून घेतलेलं आहे."

आबांनी ते ऐकलं आणि मला म्हणाले, "बाय, बाई खोटा बोलणारी नाय."

मग फांदी कापायला दिगू विळा घेऊन पुढे झाला, आणि घरमालक काठी टेकत बाहेर आले. "ला, ला!" हात वर करून. नाही, नाही. त्यांचं म्हणणं असं की सिदरच्या, म्हणजे या बोरीच्या, झाडाला हत्यार लावायचं नाही. वाडवडील सांगत आलेत, हे झाड राखायचं असतं. सोल्वेगचा चेहरा उतरला. दिगूने आबांना समजावलं, तर आबांनी त्याच्या हातातला विळाच काढून घेतला. "खरा सांगता तो. आमच्या देवराईत तरी कोण कोयतो लावता काय? ह्या झाड तोडूचा नसता."

दिगूने ते मोडक्यातोडक्या अरबीत घरमालकांना सांगितलं. म्हातारे आबांकडे टक लावून बघत राहिले. मग आबांचा हात धरून त्यांना भिंतीपलीकडे घेऊन गेले. मागच्या वाऱ्यात मोडून पडलेली फांदी तिथे वाळत पडली होती. ती घ्या, म्हणाले. कशाला हवी, हेही विचारलं. सोल्वेग म्हणाली, आमच्या जुन्या अक्षरांसाठी, काही लोक त्यांत उद्याचं शोधतात. तिने ते लपवलं नाही, याचं मला बरं वाटलं. म्हाताऱ्यांनी मान हलवली. अक्षरं चांगली, म्हणाले. उद्याचं मात्र अल्लाशिवाय कुणाला माहीत नसतं.

आबा म्हणाले, "ह्या पण खरा." आणि दोघे म्हातारे पायरीवर बसून गोड, काळा चहा प्याले.

पट्ट्या आबांनीच काढल्या. आमच्या अंगणात बसून ते काठ्या तासतात तसेच, पायाच्या अंगठ्यात फांदी दाबून धरून. आश्चर्य म्हणजे सुरी हातात आली की त्यांचा हात कापत नव्हता. सोल्वेग एकेक अक्षर पेन्सिलने काढून दाखवायची. सगळ्या उभ्या आणि तिरक्या रेघा, आडवी एकही नाही. मी शिक्षिका, मला हे चमत्कारिक वाटलं. आपली सगळी अक्षरं आडव्या रेघेला लोंबकळतात, ती काढली तर मुलांचे गुण जातात. मी कारण विचारणार, तेवढ्यात आबा म्हणाले, "आडवी रेघ मारलास तर ती लाकडाच्या शिरेत गेली. दिसाची नाय, वर लाकूड फाटताला." दिगूने ते इंग्रजीत सांगितलं. सोल्वेग हसून म्हणाली, आमच्याकडेही हेच सांगतात.

ती अर्थ सांगत होती. गुरं. काटा. गारा. बर्फ. घोडा. पाणी. सूर्य. वर्षाचं पीक. आबा कोरता कोरता म्हणाले, "अगो, ही तर शेतकऱ्याची मुळाक्षरा!" फक्त बर्फापाशी अडले. पिकाला गारा लागल्या तर काय होतं ते त्यांना ठाऊक होतं, बर्फाने काय होतं ते नव्हतं. "सगळं थांबतं," सोल्वेग म्हणाली. "नदी थांबते, होडी थांबते. वसंतापर्यंत वाट बघायची." आबांनी तेवढं अक्षर जास्त खोल कोरलं. एकच तर उभी रेघ.

रेघांत रंग भरायचा होता. पूर्वी रक्त लावत असं म्हणतात, ती लाल मातीत तेल कालवून लावायची. रंग भरून पट्ट्या उन्हात वाळत ठेवल्या आणि पुन्हा यायचं ठरवून आम्ही निघालो. समुद्राच्या कडेने परत येताना दक्षिणेला शुऐबाच्या चिमण्यांवरच्या ज्वाळा दिसत होत्या. आबा गाडीच्या काचेतून त्यांच्याकडे बघत होते.

पुन्हा फिन्तास

दिगूची कारखान्यात पाळी होती, म्हणून त्याने आम्हा दोघांना सोडलं आणि तो कामावर गेला. आबांना हेच हवं होतं असं मला नंतर वाटलं. ते म्हणाले, "बाय, तिका इचार, माझ्यासाठी बघशीत काय?"

मी चाट पडले. "आबा, तुम्ही? तुम्ही स्वतः कौल लावता."

"माझ्या घरचो कौल मी कधी लावलंय?" खरंच, तो त्यांचा नेम होता. आई आजारी होती तेव्हाही त्यांनी लावला नव्हता. "आपल्या घरचा इचारताना हात आपल्या बाजून झुकता. चुलतभावांक सांगलंय असता, पण पाळी आमच्याकडसून गेली तर ती तेंकाच गावतली. तेंचो हात तेंच्या बाजून झुकतलो. हिका आमच्यातला काय एक नको."

सोल्वेगला मी एवढंच सांगितलं. तीही म्हणाली की ती स्वतःसाठी कधी बघत नाही. मग तिने जमिनीवर पांढरा टेबलक्लॉथ पसरला. आबा बाहेर नळावर गेले आणि हातपाय धुऊन आले. तिने ते पाहिलं, तीही उठली आणि हातपाय धुऊन आली. मग दोघं समोरासमोर मांडी घालून बसली. तिला मांडी नीट घालता येत नव्हती.

प्रश्न मोठ्याने सांगायचा नसतो, म्हणाली. मनात धरा. मला तो प्रश्न ठाऊक होता, आणि मी दुभाषी. एका शब्दाने इकडचं तिकडे करणं माझ्या हातात होतं. दिगूचा भाजीच्या दुकानातला चेहरा माझ्या डोळ्यांसमोर होता. देवासमोर खोटं बोलू नये हे मी आबांकडूनच शिकले होते, पण इथे देव नव्हता, टेबलक्लॉथ होता. मी ठरवलं, ती बोलेल तेच सांगायचं, त्यात घालायचं नाही, त्यातून काढायचं नाही.

आबांनी डोळे मिटले आणि पालथ्या पडलेल्या पट्ट्यांतून एकेक करून तीन उचलल्या.

पहिली पट्टी मागच्या काळाची. सोल्वेगने ती उलटली. तिचं नाव ओथाला. "वडिलोपार्जित घर, जमीन. जे पिढीकडून पिढीकडे येतं."

मी म्हटलं, "वतन."

आबांनी डोळे उघडले.

दुसरी, आत्ताचं. "गरज," ती म्हणाली. "ओढ, अडचण. हे अक्षर म्हणजे आग पाडायला एकमेकांवर घासलेल्या दोन काड्या, असं सांगतात. त्रास होतो, पण त्यातूनच ठिणगी पडते."

तिसरी, पुढचं. फुलीसारखं अक्षर. एकमेकांवर टेकलेल्या दोन तिरक्या रेघा. सोल्वेगने त्या रेघांवरून बोट फिरवलं. "गिफ्ट," ती म्हणाली. "देणारा आणि घेणारा, एकमेकांना टेकलेले."

आता मी अडले. देणगी म्हणू, तर पावती फाडल्यासारखं वाटतं. देणं म्हणू, तर ते फेडायचंही असतं. शेवटी म्हटलं, "आबा, आपण कुणाला काही देतो ना, ते."

आबांनी ती पट्टी हातात घेतली. मग त्यांनी विचारलं, "दिलेला परत मागूक येता?"

मी तसंच विचारलं. सोल्वेगने मान हलवली. "मागता येत नाही. त्याच्याकडून काही आपणहून आलं तर घ्यावं. आमच्या जुन्या लोकांत दिल्याघेतल्यानेच माणसं जोडलेली राहायची. पण हात पसरून परत मागितलं, तर ते दिलेलंच नव्हतं." मग म्हणाली, "मी अक्षराचा अर्थ सांगितला. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नाही. ते तुम्हालाच कळेल."

"कौलाचापण तसाच," आबा म्हणाले. "कळी पडता. ऐकूचा आपणाक लागता."

ते उठले. त्यांनी सोल्वेगला वाकून नमस्कार केला, आणि मला सांगायला संकोच नाही, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पन्नास वर्षं माणसांनी त्यांच्यासमोर हात जोडले होते. एकदा स्वतः विचारणाऱ्याच्या जागी बसले, नको असलेलं उत्तर ऐकलं, आणि तिसरी पट्टी खाली ठेवून चौथी उचलली नाही. असे उचलणारे मी देवळात पाहिले आहेत. "परत एकदा लावा, गुरव" म्हणणारे. माझे वडील तसे नव्हते.

रिग्गई, निघायच्या आधी

आबांनी दोन दिवस काही सांगितलं नाही. माधवीच्या हातून सगळ्या पदार्थांत मीठ जास्त पडत होतं. निघायच्या आदल्या सकाळी आबा खुबूस घेऊन आले, चहा ओतून घेतला आणि दिगूला समोर बसवलं.

"दिगू, मी तुका न्हेवक इल्लंय."

"माहीत आहे, आबा."

"आता न्हेणंय नाय. तू हयच ऱ्हव."

दिगू पुढे सरकला. "मग कौल कोण लावणार?"

"अनंता आसा." अनंता म्हणजे आमच्या चुलत्यांचा नातू. "तेचो हात धीराचो आसा. पाळी तेच्याकडे जाऊंदे. कौल देवाचो, आमच्या घराचो न्हय."

"आबा, माझ्यामुळे आपल्या घरातून..."

"तुझ्यामुळे?" आबांचा आवाज चढला. "मी देवाक इचारतंय, पडली नाय तर सांज करतंय, उद्या इचारतंय. तुझ्याकडे उद्या नाय. माणूस शिडयेर उभो असता. तुया दुसऱ्यांदा बघितलंस म्हणान तो हनीफ माका कढी वाढूक उरलो." मग जरा थांबून म्हणाले, "तुका मीच विमानात बसवलंय. दिलंय. आता परत मागाचंय नाय."

माधवी ओट्याकडे तोंड करून उभी होती. ईशा म्हणाली, "आबा, सो वी आर स्टेइंग?" आबांना यावेळी भाषांतर लागलं नाही. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

गाव

परत आलो तेव्हा जत्रेला आठवडाही उरला नव्हता. देवळाच्या सभामंडपात मानकरी बसले. आबांनी उभं राहून सांगितलं की त्यांच्या घरातून पुढे कुणी बसणार नाही, पाळी अनंताला द्यावी. मी खांबाशी उभी होते. मग एकजण, नाव घेत नाही, म्हणाला, "परदेशात गेल्यार झील हातचो गेलो म्हणा. पैशाची चव लागली."

आबांनी त्याच्याकडे बघितलं. "माझो झील थंय माणसांचो जीव राखता," ते म्हणाले. "तो नाय म्हणालो तर सायबपण पाऊल टाकणत नाय. तुमी माझ्या शब्दार इहिरी खणलास. तेच्या शब्दार माणसा इहिरीत उतरतत आणि वर येतत." हे त्यांनी न थरथरता सांगितलं, आणि सगळ्या सभेत असं सांगितलं की मागे बायकांत बसलेल्या माझ्या मावशीने "बरा सांगलास!" म्हणून मोठ्याने दाद दिली.

जत्रेच्या सकाळी अनंता आत बसला. बावरलेला होता, कळ्या चिकटवताना दोनदा माघारी वळून आबांकडे बघितलं. आबा गाभाऱ्याच्या बाहेर होते, उंबऱ्यापासून दूर, गर्दीत, नवस फेडायला आलेल्या माणसांमध्ये मांडी घालून बसलेले. जन्मात पहिल्यांदा त्या बाजूला. मानकऱ्याने गावाच्या वतीने गाऱ्हाणं सुरू केलं, गुराढोरांचं बरं कर, लेकराबाळांचं बरं कर, जे कामधंद्याक मुलुखाबाहेर गेले हत तेंका सांभाळ. प्रत्येक मागण्यामागे सगळा मंडप "व्हय म्हाराजा" म्हणत होता. त्या शेवटच्या मागण्याला सगळ्यांत मोठा आवाज माझ्या वडिलांचा होता.